दारू एक, कायदे दोन

सुरतेतून कापडाची गाडी निघते ती रात्र पडल्यावर. सारोली, पुणा-कुंभारिया, कडोदरा या पट्ट्यातल्या ट्रान्सपोर्ट गोदामांत दुपारपासून टेम्पो येऊन लागतात, पार्सलं उतरतात, त्यांवर मार्का पडतो आणि हमाल रात्री दहा-साडेदहापर्यंत ट्रकमध्ये नग रचत राहतात. तेवढा वेळ ड्रायव्हर कुठेतरी पडून असतो, केबिनमध्ये नाहीतर गोदामाच्या ओट्यावर. ताडपत्री ओढून दोर आवळले की त्याला हाक जाते. टेबलावर बिल्ट्यांचा गठ्ठा, ई-वे बिलांच्या प्रती आणि डिझेल-टोलची खर्ची ठेवलेली असते. नग मोजलेले असतात, वजन काट्यावर झालेलं असतं, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी सगळं पाहिलेलं असतं. ई-वे बिलाला तर घड्याळच लावलेलं आहे: २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरला एक दिवस, त्यापुढे मुदत संपली की दंड. एवढ्या तपासणीत एकच गोष्ट कोणी पाहत नाही, ती म्हणजे गाडी चालवणारा माणूस कोणत्या अवस्थेत आहे. तो किती तास झोपलाय आणि किती प्यायलाय, हे विचारायची जागा बिल्टीवरही नाही आणि रजिस्टरातही नाही. या टेबलावर काम करता करता माझं जे मत बनलं आहे, ते इथे मांडतो. दारू पिऊन गाडी चालवण्याचा आपला कायदा शिक्षेच्या बाबतीत कमी पडत नाही. त्याची जागा चुकली आहे. तो रस्त्यावर उभा आहे, आणि त्याने गोदामाच्या दारात उभं राहायला हवं. गुजरातेत तर त्याच्या शेजारी नशाबंदीचा दुसरा कायदा उभा असल्यामुळे त्याचं काम आणखी बिघडलं आहे.

आधी मोटार कायद्याचं पाहू. १९८८ चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा त्यातलं कलम १८५ आजच्यापेक्षा कडक होतं. रक्तात दारूचा अंश कितीही थोडा सापडला तरी गुन्हा, असं ते कलम म्हणत होतं. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात आकडा आला: शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि तोही श्वासयंत्रावर. २०१९ मध्ये पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर गेला. सहा महिन्यांपर्यंत कैद होतीच. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. यंत्राखेरीज प्रयोगशाळेतली तपासणीही ग्राह्य धरली गेली. त्याच सप्टेंबरात गुजरात सरकारने हेल्मेट, सीटबेल्टसारखे दंड उतरवले, तेव्हा वर्तमानपत्रांतून बराच गोंधळ झाला. पण दारूचा गुन्हा जागच्या जागी पावती फाडून मिटवण्यातला नाही, तो कोर्टातच जातो. तीस मिलिग्रॅमचा हा आकडा जगाच्या मानाने ढिला म्हणता येणार नाही. इंग्लंडमध्ये अजून ऐंशी चालतं, अमेरिकेच्या बहुतेक राज्यांतही ऐंशीच. फरक आहे तो पुढे. अमेरिकेत मोठ्या मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरला मर्यादा चाळीसची, ड्यूटीआधीचे चार तास दारू पूर्ण बंद, आणि वीसच्या वर आकडा आला तरी त्या दिवसापुरतं काम थांबतं. युरोपीय आयोगाने २००१ मध्ये सर्वसाधारण चालकाला पन्नास आणि अवजड किंवा धोकादायक मालाच्या गाडीच्या चालकाला वीस अशी शिफारस केली. आपल्याकडे मात्र स्कूटीवाला, मोटारवाला आणि साडेअठ्ठावीस टनांचा दहाचाकी ट्रक चालवणारा, तिघांना एकच आकडा.

सगळ्यांना एक कायदा हवा, वेगळी मोजपट्टी लावली तर तो गरीब ड्रायव्हरवर अन्याय होईल, असं काही जण म्हणतील. पण आपलाच कायदा बाकी प्रत्येक ठिकाणी ही मोजपट्टी वेगळी लावतो. ट्रान्सपोर्ट लायसन्सला डॉक्टरचा दाखला लागतो, ते पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं. ज्वलनशील किंवा विषारी माल नेणाऱ्याला वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. हजिऱ्याच्या कारखान्यांतून रोज निघणारे टँकर पाहिले की त्याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. डोळे, कान, वय, प्रशिक्षण या सगळ्यांत व्यावसायिक चालक वेगळा धरायचा आणि दारूच्या बाबतीत तेवढा सर्वांसारखा धरायचा, याला कसलाही आधार दिसत नाही. बरं, सरकार स्वतः नोकरी देतं तिथे हा वेगळेपणा पुरेपूर पाळतं. रेल्वेचा लोको पायलट ड्यूटीवर सही करताना यंत्रात फुंकतो, मगच इंजिनावर चढतो. वैमानिकाला उड्डाणाआधी तपासणी असते, तिथे मर्यादा शून्याची, आणि पहिल्या वेळी सापडला तरी तीन महिने परवाना निलंबित. या दोघांना कोणी गुन्हेगार समजत नाही. तपासणी त्यांच्या कामाचाच एक भाग आहे. ट्रकवाल्याची तपासणी मात्र पोलिसाला संशय आल्यावर, अंधारात, हायवेच्या कडेला होते. कलम २०३ तसंच लिहिलेलं आहे: संशयाला वाजवी कारण असेल तर श्वास मागता येतो.

आता सुरतेची गोष्ट. गुजरातेत १९४९ चा मुंबई नशाबंदी कायदा लागू आहे. राज्य वेगळं झालं तरी कायदा तोच राहिला, २०११ मध्ये त्याचं नाव गुजरात नशाबंदी कायदा झालं आणि २०१७ मध्ये त्याच्या शिक्षा वाढल्या. म्हणजे आमच्या ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन कायदे. एक विचारतो, तू गाडी चालवताना प्यायलेला होतास का? दुसरा विचारतो, तू प्यायलास का? हे दोन प्रश्न जवळचे वाटतात, पण त्यांची उत्तरं वेगवेगळ्या वागण्याला उत्तेजन देतात. त्यांचे आकडेसुद्धा जुळत नाहीत. मोटार कायद्यात तीस मिलिग्रॅम. नशाबंदी कायद्याच्या कलम ६६ मध्ये ०.०५ टक्के, म्हणजे पन्नास मिलिग्रॅम. तेवढं रक्तात सापडलं की आपण घेतलं ते औषध होतं हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. चाळीस मिलिग्रॅमवाला माणूस स्टिअरिंगवर असेल तर गुन्हेगार, आणि नशाबंदीच्या हिशेबात त्याच्याविरुद्धचा पुरावा पोलिसांनीच उभा करायचा. कायदे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूंनी झाले की असं होतं. त्यात आश्चर्य नाही. त्यांच्यामधल्या फटीत ड्रायव्हर सापडतो, हे मात्र पाहायला हवं.

या फटीचा इतिहास मुंबईचा आहे आणि मजेदार आहे. १९५१ च्या मे महिन्यात कुलाब्याच्या बाजूला एका जीपने तीन जणांना धडक दिली. जीप चालवणारे होते बेहराम खुर्शेद पेसिकाका, आणि हे गृहस्थ होते स्वतः रीजनल ट्रान्सपोर्ट ऑफिसर! तोंडाला दारूचा वास होता, पण डॉक्टरांच्या तपासणीत बोलणं सुसंगत, चाल सरळ. त्यांचा बचाव असा की आपण अल्कोहोल असलेलं टॉनिक घेतलं होतं. खटला दुखापतीचाही होता आणि नशाबंदीचाही. पण तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला तो नशाबंदीच्या कलमावर, आणि १९५४ मध्ये तिथे त्यांची सुटका झाली. सगळा कायदेशीर काथ्याकूट पोटात गेलेली दारू कोणत्या प्रकारची होती, निषिद्ध की औषधी, यावर झाला. जीप ज्यांना लागली ती माणसं त्या निकालपत्रात पहिल्या काही परिच्छेदांनंतर दिसतच नाहीत. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन रक्ततपासणीचा आकडा आला, पण नजर बाटलीकडे वळण्याची ती सवय आजही टिकून आहे. सीमेवरच्या नाक्यावर ट्रक थांबवला जातो तेव्हा आधी टॉर्चचा झोत पडतो तो केबिनच्या सीटखाली, टूलबॉक्समध्ये, ताडपत्रीच्या कोपऱ्यात. कारण माल पकडणं ही तिथली कामगिरी असते. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झोत पडतो तो शेवटी, पडलाच तर.

नकाशा समोर ठेवला की पुढचं आपोआप कळतं. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा रस्ता म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३: पलसाणा, बारडोली, व्यारा, सोनगड आणि मग नवापूर. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत आहे. खानदेशाकडून येणाऱ्या गाडीला दारूचा शेवटचा परवानाधारक बार मिळतो तो इथेच, महाराष्ट्राच्या बाजूला. तिथून सुरत शंभर-सव्वाशे किलोमीटर. मुंबईकडून येणाऱ्याला तसंच तलासरीच्या अलीकडे, आणि वापीला वळलं की दमण. आता ड्रायव्हरच्या जागी बसून हिशेब करा. पुढच्या राज्यात बाटली जवळ बाळगली तर गाडी जप्त व्हायची भीती. सुरतेत पोचून प्यायची तर चोरून, पोटलीतली, आणि त्या दारूचा भरवसा काय, हे २०१६ च्या सप्टेंबरात कडोदऱ्याजवळच्या वरेलीत विषारी दारूने माणसं मेली तेव्हा लोकांनी पाहिलं. तेव्हा जी प्यायची ती सीमेच्या अलीकडेच पिऊन घ्यायची आणि मग गाडी हाकायची. बंदीमुळे पिणं थांबलेलं नाही. ते चाकाच्या आधी येऊन बसलं आहे. बंदी नसती तर हाच माणूस मुक्कामाला पोचून, गाडी लावून प्यायला असता, असं मी सगळ्यांच्या बाबतीत म्हणणार नाही. पण पुष्कळांच्या बाबतीत म्हणेन.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. मोटार कायद्याचं कलम १८५ गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवायचा प्रयत्न करणाऱ्याला लागतं. जास्त झाली असं वाटून ज्याने धाब्यावर गाडी लावली, चावी क्लीनरकडे दिली आणि केबिनमध्ये ताणून दिली, त्याला ते लागत नाही, आणि लागूही नये. रस्ता सुरक्षेच्या दृष्टीने त्या माणसाने करायला हवं होतं तेच केलं. जगातल्या कुठल्याही शहाण्या कायद्याला हेच हवं असतं. गुजरातेत मात्र त्या झोपलेल्या माणसाला उठवून नशाबंदीचा गुन्हा लावता येतो. महाराष्ट्रात प्यायलो होतो, हा बचाव नंतर कोर्टात मांडायचा. तोवर रात्र लॉकअपमध्ये, गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात आणि माल रखडलेला. मग त्याने गाडी का लावावी? चालत राहिलं तर सापडण्याची शक्यता एका नाक्यापुरती, थांबलं तर कोणीही येऊन दार ठोकणार. जो कायदा थांबणाऱ्याला आणि धावणाऱ्याला सारखंच गुन्हेगार ठरवतो, तो थांबण्याचं कारणच काढून घेतो. नशाबंदी असावी की नसावी, हा गांधींच्या राज्यातला फार मोठा प्रश्न आहे आणि त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. पण नशाबंदी ठेवूनही एवढं करता येईल की उभ्या गाडीत झोपलेल्या, बाटली न बाळगणाऱ्या चालकाला या गुन्ह्यातून बाहेर ठेवायचं. त्याने बंदीला काही भोक पडणार नाही.

मोटारवाला आणि ट्रकवाला यांच्यातला खरा फरक इथेच आहे, आणि तो टनांचा नाही. मोटारवाला प्यायला तर त्याला वाट असते. तो रिक्षा करेल, मित्राला सांगेल, गाडी तिथेच सोडून सकाळी नेईल. पिऊन चालवू नका या सूचनेचा त्याच्यासाठी अर्थ एका रात्रीपुरता आहे. ट्रकवाल्याचं घर तोच ट्रक, अंथरूण तेच, जेवण त्याच्याच सावलीत, आणि माल त्याच्या जबाबदारीवर. गाडी सोडून तो जाणार कुठे? त्याला पिऊन चालवू नकोस म्हणणं म्हणजे पंधरा-वीस दिवसांच्या फेरीत पिऊच नकोस म्हणणं, किंवा मग त्याला थांबायला वेळ आणि जागा देणं. पहिलं आपण कायद्याने सांगतो आणि दुसरं कोणी देत नाही. त्यातून जो हिशेब निघतो तो ड्रायव्हरांना कोणी समजावून सांगितलेलाच नसतो. साठ किलोच्या माणसाने एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर व्हिस्की किंवा रम रिचवली, तर त्याच्या रक्तात साधारण दीडशे मिलिग्रॅमपर्यंत दारू चढते. शरीर ती उतरवतं तासाला सुमारे पंधरा मिलिग्रॅमच्या गतीने. लिंबूपाणी, आंघोळ, कडक चहा, उलटी, कशानेही ही गती वाढत नाही. रात्री बाराला क्वार्टर संपवून झोपलेला माणूस सकाळी सहाला उठतो, तोंड धुतो, चहा घेतो, त्याला अगदी ताजंतवानं वाटतं, आणि त्याच्या रक्तात अजून साठ मिलिग्रॅम असतात, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. तीसच्या खाली यायला आठ वाजून जातात. आपल्या पोलिसांच्या मोहिमा मात्र रात्री दहा ते दोनच्या, आणि वर्षातून एकदा ३१ डिसेंबरला दमणच्या रस्त्यावर, जिथे वलसाड जिल्ह्यात पकडलेल्यांना ठेवायला हॉल भाड्याने घ्यावे लागतात. सहा वाजता धाब्यावरून निघालेला ट्रक कोणाच्याच मोहिमेत बसत नाही.

आकडेवारीचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांतले दारू किंवा अमली पदार्थाच्या खात्यावर नोंदलेले मृत्यू अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या खात्यावर. मग दारूवर एवढा खल कशाला? एक तर या खात्यात नोंद होते ती पोलिसाने पंचनाम्यात लिहिलेल्या एका कारणाची. प्यायलेला माणूस वेगात असला की कारण वेग. ज्याची तपासणीच झाली नाही तो कागदावर शुद्धीतच असतो. दुसरं, मी दारूला सर्वांत मोठं कारण म्हणतच नाही. २०२१ च्या जानेवारीत कोसंब्याजवळ किम-मांडवी रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॅक्टरला धडकून एक डंपर कडेला झोपलेल्या मजुरांवर गेला आणि राजस्थानातले पंधरा जण गेले. तिथे ऊस, अंधार, वेग आणि रस्त्याकडेला झोपावं लागणं, ही सगळी कारणं एका जागी आली होती. थकवा हे तर याहून मोठं कारण आहे. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांतल्या १,२१७ ड्रायव्हरांशी बोलून जो अहवाल काढला, त्यात पाचातल्या एकाहून जास्त जणांनी गाडी चालवताना कसली ना कसली नशा करत असल्याचं कबूल केलं, आणि त्याचं कारण बहुधा मजा नसून जागं राहणं हे होतं. गोळी जागं राहायला, दारू झोप यायला, हे चक्र ज्याने फेऱ्यांचं टाइमटेबल पाहिलं आहे त्याला नवीन नाही. म्हणूनच मला नुसतं श्वासयंत्र पुरेसं वाटत नाही. त्याच्याबरोबर निघण्याच्या आधीचे तासही लिहिले गेले पाहिजेत.

श्रीमंतांच्या मोटारींचं काय, हा प्रश्न ट्रकच्या अड्ड्यावर पहिल्यांदा विचारला जातो आणि तो रास्तच आहे. २००६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका मोटारीने फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांना चिरडलं. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे मर्यादेच्या पावणेचार पट दारू. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले होते, उच्च न्यायालयाने ती शिक्षा तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. याउलट उत्तर प्रदेशातल्या पीएसीच्या, म्हणजे सशस्त्र पोलिसांच्या, एका बटालियनचा ट्रक ड्रायव्हर पिऊन गाडी चालवल्याबद्दल नोकरीतून गेला. अपघात किरकोळ होता म्हणून सौम्यपणा दाखवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्याच्या बाबतीत म्हटलं, आणि त्याची दीर्घ सेवा पाहून बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली. यातून ट्रकवाल्याला सवलत द्यावी असा निष्कर्ष मी काढत नाही. मोटारवाल्याच्या बाबतीत शिक्षेची खात्री आणि नमुन्याची सुरक्षितता हवी, ट्रकवाल्याच्या बाबतीत आधीच अडवण्याची व्यवस्था हवी. मोटारवाला घरातून निघतो, त्याच्या दारात कोणी यंत्र घेऊन उभं राहू शकत नाही. ट्रक कोणाच्या तरी फाटकातून निघतो, आणि त्या फाटकावर माणूस आधीच बसलेला असतो. तो बिल्टी बघतो. श्वासही बघू शकतो.

यंत्रं चुकतात आणि नवं यंत्र म्हणजे नवा हप्ता, हे दोन्ही खरं आहे. २०२५ मध्ये केरळच्या पंदळम डेपोत एसटीचे ड्रायव्हर फणसाचे गरे खाऊन यंत्रात फुंकले आणि न पिताच सापडले. पिकलेल्या फणसात आंबल्यामुळे किंचित अल्कोहोल तयार होतं, ते तोंडात राहतं. त्यावरचा उपाय त्रासाचा नाही: चूळ भरायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा फुंकायचं. आणि म्हणूनच मला व्यावसायिक चालकासाठी शून्य नको, वीस हवं, आणि वीस ते तीसच्या मध्ये सापडलेल्यावर गुन्हा नको. त्याने फक्त त्या रात्री गाडी घ्यायची नाही. गाडी थांबते, माणूस तुरुंगात जात नाही, तिथे लाच देण्याघेण्याचं कारणही कमी होतं. हप्ता वाढतो तो शिक्षा मोठी आणि पुरावा हातात असला की. दहा हजारांचा दंड पंचवीस हजार केला तर सरकारी खात्यात किती पडेल आणि नाक्यावर किती, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

मोठी शिक्षा उलटते कशी, हे जानेवारी २०२४ मध्ये दिसलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली होती. ड्रायव्हरांनी देशभर गाड्या लावल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. त्या संपाला कोणी बेजबाबदारपणा म्हटलं, कोणी न्याय्य राग. मला त्यातला एक बारीक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. प्यायलेल्या माणसाला पळून जाण्यात फायदा आहे. मोटार कायद्यात अटक केल्यापासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडून द्यावं लागतं. पण जो अटकेलाच आठ तासांनी हजर होतो, त्याच्या रक्तातून तोवर सव्वाशेच्या आसपास मिलिग्रॅम उतरून गेलेले असतात. जमावाची भीती खरी असते, आणि त्या भीतीच्या आड दारूही लपते. निघताना फाटकावर नोंदलेला आकडा असेल तर न प्यायलेल्या ड्रायव्हरला तो ढालीसारखा उपयोगी पडेल. पळून गेला म्हणजे प्यायला होता, या अनुमानाला त्याच्याकडे निदान एक कागद उत्तर म्हणून असेल.

राहिला मालक. ड्रायव्हर मिळत नाहीत, दोन प्रश्न विचारले तर चावी टेबलावर टाकून जातो, असं शेठ लोक म्हणतात. ड्रायव्हरांची टंचाई खोटी नाही. सेव्हलाइफच्याच पाहणीत चौऱ्याऐंशी टक्क्यांनी आपल्या माणसांना हा धंदा करू देणार नाही असं सांगितलं होतं. पण चावी टाकून जाण्याची भीती वाटते ती एकाच शेठने तपासणी सुरू केली तर. सगळ्या बाजाराने केली तर शेजारच्या गोदामातही तेच यंत्र असेल. आणि यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. मोटार कायद्याचं कलम १८८ सांगतं की दारू पिऊन चालवण्याच्या गुन्ह्याला जो साहाय्य किंवा चिथावणी देतो त्यालाही तीच शिक्षा. समोरचा प्यायलेला आहे हे दिसत असताना त्याच्या हातात बिल्ट्या देणं हे साहाय्य नाही तर काय? हे कलम पुस्तकात आहे. ट्रान्सपोर्टवाल्यावर ते लागल्याचं बाजारात कोणाच्या बोलण्यात येत नाही. तासांचंही तसंच. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, सगळं लिहिलेलं होतं, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागायचा. आणि आपल्याकडचे बहुतेक ट्रक अशा मालकांचे, ज्यांच्याकडे एक-दोन-तीन गाड्याच असतात. एका गाडीचा मालक स्वतःच ड्रायव्हर असतो तेव्हा त्याला कोणी तपासायचं? माल देणाऱ्याने. म्हणून जबाबदारी गाडीच्या मालकावर न थांबता बुकिंग करणाऱ्या ट्रान्सपोर्टवर यायला हवी. गाडी कोणाचीही असो, फाटक त्याचं आहे.

सुरतेच्या ट्रान्सपोर्ट संघटना भाड्याचे दर एकत्र बसून ठरवतात, पार्सलच्या वजनाची मर्यादा एकत्र ठरवतात, दिवाळीच्या सुट्ट्यासुद्धा. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे की या बैठकीत आणखी एक विषय घ्या. पोलिसांकडे असतं तसं श्वासयंत्र ट्रकच्या टायरांच्या एका जोडीपेक्षा महाग नाही, आणि एक यंत्र अख्ख्या गल्लीला पुरतं. ज्याचा आकडा वीसच्या वर येईल त्याची ती रात्र बिनकमाईची जाऊ देऊ नका. गाडी सकाळी सोडा आणि हॉल्टिंगचे पैसे भाड्यात धरा, कारण ते पैसे बुडणार म्हटलं की ड्रायव्हर खोटं बोलेल आणि मुनीम डोळेझाक करेल. आणि बिल्टीवर, जिथे नग, वजन आणि टू-पे की पेड ते लिहिता, त्याच्याखाली तीन रकाने वाढवा: ड्रायव्हरने शेवटची गाडी कधी सोडली, फुंकरीचा आकडा किती, आणि तो पाहणाऱ्याची सही.